लटकी पेढी

आमच्या सरांची ती तांदळाची गोष्ट लोणावळ्यात अजून सांगतात. परवा बाजारातल्या एका दुकानात बसलो असताना माझ्यासमोरच एकाने ती रंगवून सांगितली. मास्तर पोरांना व्यापारी इंग्रजी शिकवायला एक लटकी पेढी चालवायचे, टाकव्याच्या एका म्हाताऱ्याला ती खरीच वाटली, आणि सांगूनसवरूनही तो तांदळाच्या गाड्या भरून दारात येऊन उभा राहिला! दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. इतकी वर्षं हसत आलो आहे, आता तोंडाला सवय झाली आहे.

गोष्ट खरी आहे. फक्त त्यातलं 'सांगूनसवरून' खोटं आहे, आणि ते मी घातलेलं आहे.

सर मुंबईला फोर्टातल्या एका गोऱ्या साहेबाच्या कंपनीत पत्रव्यवहार बघायचे. दम्याने बेजार झाले तेव्हा कुणा डॉक्टराने लोणावळ्याची हवा सुचवली. लोणावळ्याच्या पावसाळ्यात दमा दुप्पट होतो हे त्या डॉक्टराला ठाऊक नसावं. सरांना ते पहिल्याच आषाढात कळलं, पण ते परत गेले नाहीत. म्हणायचे, "सल्ला ऐकून घेतला, मान्य केला, त्याप्रमाणे माल उचलला. आता तक्रार कसली?"

असं ते बोलायचे. त्यांच्या लेखी सगळं जग देणारा आणि घेणारा यांच्यात वाटलेलं होतं. रेल्वेच्या मालधक्क्याशेजारी एक सोडावॉटरचं दुकान होतं, त्याच्या माळ्यावर त्यांचा वर्ग भरायचा. शिडीपाशी वहाणा काढून वर चढायचं. वर सर गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घालून अनवाणी उभे, आणि खालून सोड्याच्या बाटल्यांतल्या गोट्यांचा खळखळाट. आम्ही बहुतेक मॅट्रिकला आपटलेली पोरं. रेल्वेत, नाहीतर मुंबईच्या कुठल्याशा कंपनीत चिकटायचं, एवढीच आमची धाव.

वर्ग म्हणजे वर्ग नव्हताच, पेढी होती. पहिल्या दिवशी सर नाव विचारायचे आणि ते विसरून जायचे. पोराला खातं मिळायचं, आणि खात्याचंच नाव चालायचं. कुणी 'डिस्पॅच', कुणी 'क्लेम्स'. मी 'पर्चेस', म्हणजे खरेदी. सोळा-सतरा वर्षांच्या आम्हा टोणग्यांना ते अहो-जाहो करायचे. "काय हो क्लेम्स, दाढी केव्हा करणार? गिऱ्हाईक घाबरेल." घरी बाप 'गाढवा' म्हणायचा आणि इथे 'अहो पर्चेस'! त्या 'अहो'साठी पोरं पावसात भिजत यायची.

शब्द पाठ करायला त्यांची सक्त मनाई होती. शाळेत आम्ही अर्जाचं इंग्रजी शिकलो होतो: मी आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक, मायबापांनी कृपा करावी, वगैरे. माझ्या पहिल्या पत्रात तसला मजकूर बघून सरांनी कागद दोन बोटांत धरून सोडावॉटरवाल्याला हाक मारली. "अहो, देवळाच्या पायरीवर एखादी जागा रिकामी आहे का? आमच्या पर्चेसना बसायचं आहे." मग माझ्याकडे वळून, अगदी सौम्यपणे, "व्यापाराचं इंग्रजी नम्र माणसाचं नाही, पर्चेस. उर्मटाचंही नाही. सावध माणसाचं आहे. आपण काय देणार, काय घेणार, कधीपर्यंत, आणि नाही जमलं तर काय. एवढं बोला आणि गप्प बसा."

'ओव्हरड्यू' शिकवायचा होता त्या दिवशी ते आलेच नाहीत. आम्ही ताटकळलो, चिडलो, क्लेम्सने तर शिव्या दिल्या. दिवे लागल्यावर सर शिडी चढून आले आणि म्हणाले, "आत्ता पोटात जे होतंय ना, त्याला ओव्हरड्यू म्हणतात." डॅमरेज शिकवायला त्यांनी आम्हाला थंडीत मालधक्क्यावर मालगाडीच्या एका अडकून पडलेल्या वाघिणीपाशी उभं केलं. माल वेळेत उतरला नाही की रेल्वे दंड लावते, हे कुणीही सांगेल. सरांना आम्हाला वाघिणीमागे खोळंबलेले हमाल दाखवायचे होते. एकदा त्यांनी मला चहाला बोलावलं, 'सब्जेक्ट टू' दूध, म्हणजे दूध आलं तर. मी गेलो. दूध आलं नव्हतं. अर्धा तास आम्ही समोरासमोर कोरडे बसलो, आणि उठताना ते म्हणाले, "आता हे दोन शब्द तुम्ही जन्मात नजरेआड करणार नाही."

या सगळ्यावर कळस म्हणजे तोंडी सौदा. वर्गात एकमेकांना भाव देण्यात काय अर्थ आहे, असं सरांचं म्हणणं. समोर खरा माल आणि खरा माणूस पाहिजे. म्हणून खरेदी खात्याने मळवली, कार्ला, वाकसई अशा गावांत जायचं, शेतकऱ्याच्या अंगणात बसून भाव करायचा, ऑफर द्यायची, आणि सगळं त्याला मराठीत नीट उलगडून सांगायचं. त्याला नियम एकच, पण लोखंडी. तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य हे, की आमची पेढी शिकाऊ आहे, हा सराव आहे, माल आम्ही उचलणार नाही. याला सर 'डिस्क्लोजर' म्हणायचे. लोकांना गंमत वाटायची. मळवलीला तर आम्ही दिसलो की बाया ओरडायच्या, "आला गं बया लटक्या पेढीचा मुनीम! चा टाक." आणि शेतकरीही असे घासाघीस करायचे की जणू उद्या गाडी भरायची आहे.

एकदा माझ्या जागी खरेदीला गेलेल्या डिस्पॅचने तो नियम मोडला. मळवलीच्या एका तूपवाल्याला आधी भाव देऊन बसला, आणि तो हरखला तेव्हा हसत म्हणाला, अहो हा सराव. परत येऊन त्याने स्वतःच ते मजेत सांगितलं. सर हसले नाहीत.

"आधी सांगितलंत की नंतर?"

"नंतर, सर. पण सांगितलं ना."

"नंतर सांगितलं ते सांगणं नव्हे. ती सुटका झाली, तुमची. उद्यापासून येऊ नका."

डिस्पॅचचा बाप येऊन गयावया करून गेला. सर बधले नाहीत. "लटक्या पेढीत ज्याला खरं बोलता येत नाही, तो खऱ्या पेढीत काय दिवे लावणार?" असं म्हणाले. डिस्पॅच नंतर खंडाळ्याला एका बंगल्यावर माळीकाम बघायला लागला.

हे मी पाहिलेलं होतं, हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी सुगी संपल्यावर मी एका नात्यातल्या लग्नाला टाकव्याला गेलो. आंदर मावळात तोवर आमच्या पेढीचं कुणी नावही ऐकलेलं नव्हतं. जेवणं झाल्यावर ओटीवर गावकरी बसले होते. मधोमध आबा. टाकव्यातले मोठे खातेदार, साठी उलटलेले, घरात तीन मुलगे कर्ते, पण भाताचा सौदा आबांच्याच तोंडून व्हायचा. कुणीतरी म्हणालं, हा पोरगा लोणावळ्याला पेढीवर आहे. आबा सरकले, घोंगडीवर जागा केली. "या सायेब, वर बसा. कंच्या खात्यात?"

"पर्चेस," मी म्हणालो.

पहिलं वाक्य जिभेवर होतं. पण 'साहेब' ऐकल्यावर ते कसं बोलायचं? बोललो की मी पुन्हा पोरगा, आणि सगळी ओटी हसणार. म्हटलं, आधी जरा बोलू, मग सांगू. आबांनी आंबेमोहोराची मूठ पुढे केली. मी वास घेतला, तुकडा दाताखाली धरला, सरांनी शिकवल्यासारखं सगळं केलं. वडगावचा व्यापारी काय देतो ते विचारलं आणि त्याच्यावर चढा भाव दिला. "ही आमच्या पेढीची फर्म ऑफर आहे," असं म्हणून अर्थही सांगितला, "म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत आम्ही बांधलेले. तुम्ही मोकळे. तुम्हाला वाटलं तर द्या, नाही वाटलं तर नका देऊ. पण आम्हाला मागे फिरता येणार नाही."

आबांनी ते दोनदा घोळवून घेतलं. "म्हंजे सोमवारपातुर तुमी बांदलेलं. आन आमी न्हाई. ब्येस हाय की. असा येपारी आमी पयल्यांदाच बगितला."

इतकं चोख शिकवलेलं माझ्या आयुष्यात मी दुसरं काही बोललो नसेन. मग पानसुपारी आली, कुणीतरी उठलं, वरात निघाली. आणि मी काही न सांगता लोणावळ्याला परत आलो.

तो आठवडा कसा गेला ते सांगता येणार नाही. रोज सकाळी वाटायचं, आज टाकव्याला जाऊन सांगून यावं. रोज वाटायचं, कशाला येतोय म्हातारा एवढी वाट तुडवून? वडगाव त्याला हाताशी आहे. त्यातच सर म्हणाले, मुंबईच्या एका कंपनीचा साहेब लोणावळ्यात उतरणार आहे, एक पोरगा मागतोय, मी तुमचं नाव दिलं आहे. आईने देवाला साखर ठेवली. मी टाकव्याला गेलो नाही.

सोमवारी दुपारी वर्ग चालू होता आणि खाली बैलांच्या घुंगरांचा आवाज थांबला.

"पर्चेस सायेब हायेत का?"

वर्गात हशा फुटला. क्लेम्स खिडकीतून वाकला. "अहो पर्चेस, तीन गाड्या! सासऱ्याने आंदण पाठवलं का?" सरांनी हात वर केला. हसू थांबलं. ते शिडी उतरून गेले, मागोमाग मी. 

आबा धोतराचा सोगा झटकत उभे होते. बैल फेसाळले होते. बरोबरचे दोन गाडीवान पोत्यांच्या दोऱ्या सोडायला लागलेसुद्धा. "राम राम, मास्तर. सोमवार हाय आज. वडगाववाला आडवा आला व्हता वाटंत. म्हनलं, न्हाई, शबूद घेतलाय." त्यांनी पोत्यात हात घालून मूठ काढली आणि सरांच्या ओंजळीत ओतली. सरांनी तांदूळ नाकाशी नेला. डोळे मिटले. मला वाटलं ते वेळ काढताहेत.

"शब्द कुणी दिला, आबा?"

आबांनी हसून माझ्याकडे बोट केलं. त्या बोटात तक्रार नव्हती, उलट कौतुकच होतं. हा बघा, हा शहाणा पोरगा.

सर वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "पर्चेस, डिड यू डिस्क्लोज?" सांगितलं होतंत का, पहिलं वाक्य?

"येस, सर," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, तेही इंग्रजीतच, की म्हातारा आहे, विसरला असेल.

ज्याच्याबद्दल मी ते बोललो तो हातभर अंतरावर उभा होता, आणि त्याला कळू नये म्हणून मी ती भाषा वापरली. सरांनी मला ती त्यासाठी शिकवलेली नव्हती.

आबांनी एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघितलं. "काय म्हनलं पोरगं?"

सर कधीही अर्थ इकडचा तिकडे करायचे नाहीत. कुणी इंग्रजी नोटीस वाचून घ्यायला आणली तर वाईट बातमीही शब्दाला शब्द सांगायचे.  त्या दिवशी त्यांनी खाली वाकून सांडलेले दाणे वेचले. मग म्हणाले, "तो म्हणतो, शब्द पेढीचा आहे. गाड्या उतरवा."

मागून क्लेम्स कुजबुजला, "सर, पण पेढी..." सरांनी ऐकलं नाही.

पोती माळ्यावर चढली. आबांना सोडावॉटरवाल्याकडे बसवून सर गावात गेले. आम्ही पोरं पोत्यांमध्ये अवघडून उभे.  संध्याकाळी दोन माणसं आली आणि सरांचा टाइपरायटर शिडीवरून उतरवून घेऊन गेली. सरांच्या कोटावर रोज लोंबणारी घड्याळाची साखळीही दिसत नव्हती. टाइपरायटर जाताना आबा उठून उभे राहिले.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "ही पेढी खरी हाय न्हवं?"

"आजपासून आहे," सर म्हणाले, आणि त्यांच्या हातात ठरलेल्या भावाने सगळे पैसे ठेवले.

त्यानंतर वर्ग मोडलाच. सर कोट घालून सोडावॉटरच्या दुकानाच्या फळीवर माप घेऊन बसायचे आणि आंबेमोहोर किरकोळीने विकायचे. गिऱ्हाइकाला सांगायचे, "तांदूळ उत्तम, भाव थोडा चढा, उधार नाही." माझ्या आईनेही आणला. घरभर त्याचा वास सुटला. मी पोट बिघडल्याचं सांगून उठलो.

मला ते काही बोलले नाहीत. साहेब येऊन गेला, मला नोकरी मिळाली. पोरांनी मला छेडलं तेव्हा मी सांगितलं, मी म्हाताऱ्याला बजावून सांगितलं होतं हो, त्याला झेपलं नाही. ते गावभर झालं. कुणी काही विसरलं की लोणावळ्यात म्हणायला लागले, "काय रे, टाकव्याचा का?" आठवडी बाजाराला येणाऱ्या गाड्यांबरोबर ते टाकव्यालाही पोचलं.

मी मुंबईला निघालो त्या दिवशी सर फलाटावर आले होते. गाडीला अवकाश होता. इतक्यात फलाटाच्या टोकाकडून आबा आले. एकटेच, आणि महिन्याभरात पार वाळलेले. ते सरळ माझ्यापाशी आले.

"सायेब, एक इचारायचं व्हतं. रागावू नका. तुमी मला त्या दिशी सांगितलं व्हतं का, की ह्ये खोटं हाय म्हनून?"

मी रुळांकडे, गाडी येते का ते बघितलं.

"पैशाचं न्हाई वो. पैसं मिळालं. पर पोरं म्हनत्यात, आबा, तुमाला सांगितलेलं ध्येनात ऱ्हात न्हाई, आता सौद्यात तोंड घालू नका. चाव्या घेतल्या थोरल्यानं. मी लय आठवून बगतो. ओटी आठवती, घोंगडी आठवती, तुमचा शबूद न् शबूद आठवतो. तेवडंच आठवत न्हाई. म्हनलं, तुमालाच इचारावं. तुमी सांगितलं असंल तर सांगितलं. मंग माजं डोकं गेलं म्हनायचं."

सर माझ्याकडे बघत होते. त्यांचा हात माझ्या ट्रंकेवर होता. साहेबाच्या कंपनीचा कागद माझ्या खिशात होता. आई बाकावर बसून डोळे पुसत होती.

"सांगितलं होतं, आबा," मी म्हणालो. या वेळी मराठीत.

आबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "बरं. बरं झालं इचारलं."

सरांनी ट्रंकेवरचा हात काढला. मला वाटलं आता बोलतील. ते आबांजवळ गेले, त्यांचा दंड धरला. "आबा, चूक पेढीची आहे. शब्द पेढीचा, हे मी तेव्हाच सांगितलं." आबा म्हणाले, "तुमी भला मानूस, मास्तर." गाडी आली. सर माझ्याकडे न वळता म्हणाले, "चढ."

पुढे सुट्टीला आलो की मी सरांकडे जायचो. ते चहा द्यायचे, मुंबईची चौकशी करायचे, आणि मला 'अरे तू' म्हणायचे. लोकांना ती जवळीक वाटायची. मला पक्कं ठाऊक होतं, त्या फलाटावर मला पेढीतून काढलं होतं. पण त्यांनी माझं नाव कुणाकडे कधी घेतलं नाही. एजंटाचा शब्द तो पेढीचा शब्द, त्याची भरपाई पेढीने करायची आणि एजंटाला पुढे करायचं नाही, हा त्यांचा कायदा. त्यांचा मोठेपणा सगळे सांगतात, मीही सांगेन. पण इतक्या वर्षांनी हेही म्हणावंसं वाटतं की तिथे सर चुकले. त्यांना वाटलं भरपाई झाली. म्हाताऱ्याला पैसे नको होते. त्याला माझं नाव हवं होतं. सरांनी ते झाकलं, आणि झाकताना त्यांना भला माणूस म्हणवून घ्यावं लागलं. याचा त्यांना किती त्रास झाला असेल, ते मी विचारलं नाही. ते गेले त्याला आता काही पावसाळे झाले.

त्या दुकानात हसून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टाकव्याला गेलो. आबा केव्हाच गेले होते. थोरला मुलगाच आता आबांच्या वयाला आला आहे. त्याला म्हणालो, मी तो पर्चेस. मी तुमच्या वडिलांना काही सांगितलं नव्हतं. ते विसरले नव्हते. मी खोटं बोललो, तीनदा.

तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होता. मला वाटलं आता हात उगारेल.

"मरेस्तोवर कंच्या सौद्याला बसू दिलं न्हाई आमी त्यास्नी," तो म्हणाला. "काय बोलाया लागलं की म्हनायचो, आबा, ऱ्हाऊ द्या. मंग त्येंनी बोलनंच सोडलं. मास्तर यायचे अदनंमदनं. म्हनायचे, पेढीची चूक. आमाला वाटायचं, म्हातारी मानसं हायेत, एकमेकांस्नी सांबाळून घेत्यात."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"मला एकट्याला सांगून काय उपेग?" तो म्हणाला आणि आत वळून हाका मारायला लागला. धाकटे भाऊ आले, सुना आल्या, पोरं आली, शेजारची दोन घरं आली. एका म्हातारीला धरून ओटीवर बसवलं. ती आबांची बायको, अजून होती. सगळे जमल्यावर तो मला म्हणाला, "आता बोला. पयल्यापासनं. समद्यांम्होरं."

मी उभा राहिलो आणि लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, म्हातारीने हात वर केला.

"जोरात," ती म्हणाली. "मला ऐकू येत न्हाई."